बालकांतील कीटोॲसिडोसिस : इन्सुलिन उपचार

मधुमेही मुलाच्या शरीरात इन्सुलिन फार कमी पडले की रक्तात साखर साचते, पण पेशी उपाशीच राहतात. मग यकृत चरबीपासून कीटोन बनवू लागते आणि रक्तातील आम्लता वाढते. हाच डायबेटिक कीटोॲसिडोसिस. रुग्णालयातील बोलीत ‘डीकेए’. रक्तशर्करा २०० मिग्रॅ./डेलि.च्या वर, कीटोन वाढलेले आणि शिरेतील रक्ताचा पीएच (आम्लतेचे माप; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ७.३ च्या खाली, यांवरून निदान होते. अनेक मुलांचा टाइप १ मधुमेह पहिल्यांदा याच रूपात उघड होतो. उलट्या, पोटदुखी आणि खोल, जोराचा श्वास पाहून पोटाचा विकार किंवा न्यूमोनिया वाटतो. बोट टोचून साखर पाहिली तर ही जीवघेणी चूक टळते.

उपचार इन्सुलिनने सुरू होत नाही. आधी शिरेतून सलाइन. त्यानंतर निदान तासाभराने रेग्युलर इन्सुलिन, सिरिंज पंपातून, दर किलो वजनामागे ताशी ०.०५ ते ०.१ युनिट, म्हणजे २० किलोच्या मुलाला ताशी १ ते २ युनिट. मुलांना सुरुवातीला एकदम मोठा डोस देत नाहीत. सहसा ५० मिली सलाइनमध्ये ५० युनिट मिसळतात. भारतात मिलीमागे ४० आणि १०० युनिट अशा दोन्ही बाटल्या मिळतात. लेबल न वाचता इन्सुलिन भरले तर डोस अडीचपट चुकू शकतो. इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलते, म्हणून सलाइनमधून पोटॅशियमही द्यावे लागते. ते आधीच फार कमी असेल तर इन्सुलिन थांबवून ठेवतात.

खरी कसोटी पुढे असते. साखर काही तासांत उतरते, कीटोन मात्र रेंगाळतात. साखर २५० ते ३०० मिग्रॅ./डेलि.पर्यंत उतरली की इन्सुलिन बंद करण्याचा मोह होतो. तसे केल्यास आम्लता पुन्हा वाढते. इथे इन्सुलिनचे मुख्य काम कीटोनची निर्मिती थांबवणे हे आहे. म्हणून सलाइनमध्ये डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) मिसळून साखर सावरतात आणि इन्सुलिन चालूच ठेवतात.

मेंदूला सूज येणे ही गुंतागुंत शंभरात एखाद्याच मुलात दिसते, पण डीकेएमधील बहुतेक बालमृत्यू तिच्यामुळेच होतात. डोके दुखू लागणे, गुंगी वाढणे, नाडी मंदावणे ही तिची लक्षणे. त्यावर स्कॅनची वाट न पाहता मेंदूची सूज उतरवणारे मॅनिटॉल किंवा ३ टक्के सलाइन देतात.

पीएच ७.३ च्या वर जाऊन मूल खाऊ लागले की त्वचेखाली इन्सुलिन सुरू होते. हे इंजेक्शन पंप बंद करण्यापूर्वीच द्यावे लागते, कारण शिरेतील इन्सुलिनचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो.