पिशवीतले रिपोर्ट आणि देशाचा हिशोब

मिरज स्टेशनवर सकाळच्या गाडीने उतरणाऱ्यांमध्ये दवाखान्यात निघालेला माणूस हातातल्या पिशवीवरून आणि तिच्यातून डोकावणाऱ्या एक्स-रेच्या लिफाफ्यावरून लगेच ओळखू येतो. १८९४ साली इथे मिशन हॉस्पिटल सुरू झाले. आज जत-आटपाडीइतकेच कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीकडचेही रुग्ण मिरजेत येतात आणि त्यांच्या आजाराचा सगळा इतिहास त्या पिशवीत असतो. पिशवी घरी राहिली, की रक्त पुन्हा काढायचे आणि सोनोग्राफीही पुन्हा करायची.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेले आयुष्मान भारत डिजिटल मिशन ही केंद्र सरकारची योजना ही पिशवी अनावश्यक ठरवू पाहते. त्यात रुग्णाला मिळणारा १४ अंकी ‘आभा’ हा आरोग्य-ओळख क्रमांक ऐच्छिक आहे. रुग्णाच्या आजाराच्या, तपासण्यांच्या नोंदी दिल्लीतल्या एखाद्या कोठारात गोळा होत नाहीत. त्या ज्या दवाखान्यात तयार झाल्या तिथेच राहतात आणि रुग्णाने मोबाइलवर संमती दिली, तरच ठरावीक मुदतीपुरत्या दुसऱ्या डॉक्टरला दिसतात.

हिशोबाची खरी अडचण अशी, की खर्च एकाच्या पदरी पडतो आणि लाभ दुसऱ्याच्या. गावातल्या डॉक्टरने रुग्णामागे चार-पाच मिनिटे टंकलेखनात घालवायची, सॉफ्टवेअरचे पैसे भरायचे. तपासणी वाचते ती मिरजेतल्या तज्ज्ञाकडे, पैसे वाचतात रुग्णाचे, आणि लॅबचे तर उत्पन्नच घटते. अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेने २००५ मध्ये, रुग्णांच्या नोंदी संगणकावर आणल्या तर वर्षाला ८१ अब्ज डॉलरची बचत होईल, असा अंदाज मांडला होता. २०१३ मध्ये त्याच संस्थेच्या अभ्यासकांनी ती अपेक्षा फळाला आली नसल्याचे लिहिले, कारण एका रुग्णालयाची प्रणाली दुसऱ्याच्या प्रणालीशी बोलत नव्हती. आपल्याकडे जानेवारी २०२३ पासून नोंदी जोडणाऱ्या दवाखान्यांना, लॅबना प्रोत्साहनाची रक्कम देऊ केली गेली. माझ्या मते संपूर्ण योजनेत हीच बाब सर्वांत शहाणपणाची आहे, जरी तिची चर्चा सर्वांत कमी होते.

एकेकट्या रुग्णाला न दिसणारा लाभ मोठ्या संख्येत दिसतो. रोफेकॉक्सिब हे सांधेदुखीवरचे औषध हृदयविकाराचा धोका वाढवते, हे अमेरिकेतल्या सुमारे १४ लाख विमाधारकांच्या नोंदी तपासताना स्पष्ट झाले. २००४ मध्ये ते औषध बाजारातून मागे घेतले गेले. कोणत्याही एका डॉक्टरच्या ओपीडीत हा धोका नजरेला आला नसता.

जोखीमही तशीच ठोस आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. इंग्लंडने रुग्णांच्या नोंदी एकत्र करण्याची केअर डॉट डेटा ही योजना लोकांचा विश्वास न मिळवता रेटली आणि २०१६ मध्ये ती गुंडाळली. नाव पुसले की ओळख पुसली, असेही नाही: जत तालुक्यातले हजार वस्तीचे गाव, वय ३४, स्त्री, दुर्मीळ आजार, एवढे वाचले तरी गावातले कोणीही घर दाखवील.

सीमाभागात आणखी एक खोच आहे. कर्नाटकातल्या कागदावर ‘भीमाप्पा’ असलेला माणूस मिरजेतल्या दवाखान्याच्या नोंदणी-खिडकीवर ‘भीमराव’ होतो. संगणकाला ही दोन माणसे वाटतात आणि पेनिसिलिनची ॲलर्जी एकाच्याच खात्यावर राहते. नाव कसेही लिहिले, तरी ‘आभा’चे १४ आकडे दोन्हीकडे तेच राहतात, मात्र ते खिडकीवरच्या माणसाने विचारले पाहिजेत आणि भीमाप्पाच्या मोबाइलला तेव्हा रेंज असली पाहिजे.