व्हीआयची सूची ईमॅक्सला का चालत नाही?

लाखभर ओळींच्या प्रोग्रॅममध्ये एखादे फंक्शन नेमके कुठे लिहिले आहे, हे दर वेळी धुंडाळत बसणे परवडत नाही. म्हणून सगळी नावे आणि त्यांचे ठावठिकाणे एका वेगळ्या फाइलीत नोंदवून ठेवतात. ही टॅग फाइल, पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूचीच. व्हीआय आणि ईमॅक्स या दोन जुन्या एडिटरांनी ती आपापल्या पद्धतीने मांडली, आणि एकाची सूची दुसऱ्याच्या कामाची राहिली नाही.

व्हीआयसाठी सूची बनवणारा सीटॅग्ज हा प्रोग्रॅम केन आर्नोल्ड यांनी बर्कली युनिक्स या संगणक प्रणालीसाठी लिहिला. त्याच्या सूचीत एका ओळीत एक नोंद: नाव, टॅब, फाइलचे नाव, पुन्हा टॅब, आणि तिथे पोचण्याची आज्ञा. ही आज्ञा बहुधा ‘अमुक मजकुराची ओळ शोध’ अशी असते, त्यामुळे वर चार ओळी वाढल्या तरी बिघडत नाही. नोंदी वर्णक्रमाने असतात, म्हणून यादी निम्मी-निम्मी करत नाव चटकन सापडते. पुढे एक्झुबरंट सीटॅग्ज या नव्या अवताराने फंक्शन की व्हेरिएबल अशी जादा माहिती जोडली, ती अर्धविराम आणि अवतरणचिन्हामागे. व्हीआयच्या आज्ञेत अवतरणचिन्हानंतरचा मजकूर निव्वळ शेरा मानतात, त्यामुळे जुन्या एडिटरला काही कळलेच नाही. याला म्हणतात हुशारी!

ईमॅक्सच्या सूचीत प्रत्येक फाइलचा वेगळा विभाग असतो. आरंभी १२ क्रमांकाचे अदृश्य चिन्ह (जुन्या प्रिंटरला नवे पान घ्यायला सांगणारे), मग फाइलचे नाव आणि विभागाची बाइटमधली (बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणीचे छोटे एकक) लांबी. नोंदीत ओळीचा सुरुवातीचा मजकूर, ओळ क्रमांक आणि फाइलच्या आरंभापासूनचे अंतर, तेही बाइटमध्ये. ईमॅक्स आधी त्या जागी जातो. मजकूर तिथे नसला तर आजूबाजूला शोधाचा परीघ वाढवत नेतो.

एकाची सूची दुसऱ्याच्या रूपात आणायची झाली, तर ईमॅक्सकडून व्हीआयकडे येणे त्या मानाने सोपे. मजकुरापासून शोधाची आज्ञा बनवायची, त्यातल्या तिरप्या रेघांआधी उलटी तिरपी रेघ घालायची आणि नोंदी क्रमाने लावायच्या. हा क्रम मात्र बाइटच्या किमतीप्रमाणेच हवा. कॅपिटल आणि लहान अक्षरे सरमिसळ लावली, तर सूचीत असलेले नावही एडिटरला सापडत नाही.

उलट्या वाटेला अडचण खरी. बाइटचे अंतर व्हीआयच्या सूचीत नसतेच. त्यासाठी मूळ कोडची फाइल उघडून मोजावे लागते. इथे अक्षरे मोजणारा फसतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ‘मराठी’ या शब्दाला १५ बाइट लागतात, म्हणजे कोडमध्ये मराठीत दोन शेरे लिहिले की पुढचा सगळा हिशोब सरकतो.

मूळ कोड हाताशी असेल, तर माझ्या मते रूपांतराच्या फंदात न पडता सूची नव्यानेच बनवावी. सीटॅग्जचा आजचा अवतार युनिव्हर्सल सीटॅग्ज एका पर्यायाने थेट ईमॅक्सची सूची लिहून देतो. फक्त दोन्ही सूच्या एकाच फोल्डरमध्ये ठेवू नयेत: फाइलचे नाव तेच, व्हीआयचे लहान अक्षरांत आणि ईमॅक्सचे कॅपिटलमध्ये. विंडोज आणि मॅक एरवी हा फरक मानत नाहीत, आणि दुसरी सूची पहिलीवर लिहिली जाते.