क्युव्हेटमध्ये ठिणगी का उडते? (बदलून मागण्याआधी वाचा)

पेशींत जनुक कापणारं कॅस९ प्रथिन शिरावं म्हणून त्यांना क्युव्हेटमध्ये, म्हणजे दोन धातूच्या पट्ट्यांच्या छोट्या डबीत, विजेचा झटका (पल्स) दिला की कधी कधी तडतडणाऱ्या मोहरीसारखा फट् आवाज येतो, झाकण उडतं आणि आतल्या पेशींचा फेस होतो. मग आमच्या सातपूरच्या दुकानात फोन: "क्युव्हेट खराब दिली!" परत आलेल्या बहुतेक क्युव्हेट धडधाकट असतात. दोष असतो मिठाचा.

मीडियम (पेशी वाढवायचं द्रव) आणि पीबीएस (पेशी धुवायचं नेहमीचं द्रावण) दोन्ही खारट. सेंट्रीफ्यूजनंतर तळाशी बसलेल्या पेशींच्या गोळीवर ५० मायक्रोलिटर मीडियम राहिलं आणि त्यावर १०० मायक्रोलिटर कमी मिठाचं बफर घातलं, तर एक तृतीयांश मीडियमच झालं. असं द्रावण करंट धो धो वाहू देतं. म्हणून बफरने दोनदा धुवा आणि शेवटचा थेंब बारीक टिपने, नळी तिरकी धरून ओढा. घाई इथेच होते. कॅस९-गाइडचं मिश्रण (गाइड म्हणजे कॅस९ला कापायची जागा दाखवणारा आरएनए) एकूण आकारमानाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, तेही खारट असतं. बुडबुडा दिसला तर क्युव्हेट हलकेच टेबलावर आपटा. पावसाळ्यात फ्रीजमधून काढलेल्या क्युव्हेटला बाहेरून घाम सुटतो, तो टिश्यूने पुसा. आणि धुऊन पुन्हा वापरू नका. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खराब होतात. आम्ही एकदाच वापरा म्हणतो ते खप वाढवायला नव्हे (थोडा वाढतो, नाकारत नाही).

"एवढी कटकट कशाला, कॅस९ त्वचेत न्यायला क्रीम नाही का?" हेही रोजचं. त्वचेच्या वरच्या मृत थरातून साधारण ५०० डाल्टनपर्यंतचे रेणू जातात. कॅस९ सुमारे १,६०,००० डाल्टनचं! जनुक वाहून नेणाऱ्या एएव्ही विषाणूत सुमारे ४,७०० बेस (डीएनएची अक्षरं) मावतात, त्यातले ४,१०० एकट्या कॅस९ जनुकाचे, मग बाकीला जागा कुठली? लिपिड (चरबीच्या कणांत गुंडाळून आत नेणं) फायब्रोब्लास्टला, म्हणजे त्वचेच्या आतल्या थरातल्या पेशींना, चालून जातं, वरच्या थरातल्या केराटिनोसाइट पेशी मात्र रुसतात. प्लाझ्मिड (कॅस९चं जनुक असलेलं डीएनएचं कडं) स्वस्त, पण त्यातून कॅस९ कित्येक दिवस बनत राहतं, चुकीच्या जागी काप वाढतात. तयार प्रथिन-गाइड जोडी काम करून एखाद्या दिवसात विरते. म्हणून आम्ही तीच सुचवतो.

ठिणगी उडालेली क्युव्हेट बदलून मिळणार नाही. पाकीट उघडतानाच तडा दिसला तर त्याच दिवशी फोटो पाठवा, लगेच बदलू. कमी मिठाचं बफर छोट्या बाटलीत मिळतं, मोठी घेऊन अर्धी फेकू नका. पहिल्यांदाच करताय? बुधवारी दुपारी टाकाऊ पेशी घेऊन या. मशीन आमचं, क्युव्हेट आमची, शिकवायचे पैसे नाहीत.