ड्रिफ्टवुड शिल्प, नागपूर परिसरातील

पाण्याने वाहून आणलेले, घासलेले आणि काठावर टाकलेले लाकूड वेचून, त्यातील मूळ आकार ओळखून आणि त्यावर कमीत कमी हत्यार चालवून केलेली कलाकृती. खोड, बुंधा, मुळे, फांद्यांचे जोड आणि गाठी हे तिचे साहित्य. कोरीव काष्ठशिल्पात कारागीर ओंडक्यातून आकार काढतो. ड्रिफ्टवुडमध्ये आकार आधीच असतो आणि काम निवड, सफाई, तोल व जोड यांपुरते राहते. तान्ह्या पोळ्यासाठी नागपुरात घडवले जाणारे लाकडी नंदी चिरीव लाकडातून कोरलेले असतात, त्यामुळे त्यांचा समावेश या प्रकारात होत नाही.

उगम : या कलेचा आरंभ कोठे झाला याविषयी एकमत नाही. एक मत चीनमधील मूळशिल्पांकडे बोट दाखवते. हूबेई प्रांतात जिंगजौजवळच्या माशान येथील थडगे क्र. १ मध्ये १९८२ साली एका झाडाच्या मुळापासून केलेली चार पायांची प्राण्याची आकृती सापडली. हे थडगे सामान्यतः इ. स. पू. चौथ्या शतकाचा उत्तरार्ध ते तिसऱ्या शतकाचा आरंभ या काळातील मानतात. मुळाची नैसर्गिक वळणे त्यात जाणीवपूर्वक राखली आहेत, याविषयी फारसा वाद नाही. ती वस्तू अनिष्टनिवारणासाठी होती की शोभेसाठी, हा प्रश्न मात्र उरतो. शिवाय ते मूळ पाण्याने वाहून आलेले होते असे मानायला आधार नाही, म्हणून ड्रिफ्टवुडचा थेट पूर्वज म्हणून त्याचा दाखला जपूनच द्यावा लागतो.

दुसरे मत उत्तर ध्रुवाकडील प्रदेशांना अग्रक्रम देते. वृक्ष जवळजवळ नसलेल्या ग्रीनलंडमध्ये समुद्राने आणलेले लाकूड हाच लाकडाचा मुख्य साठा होता. डॅनिश नौदल अधिकारी गुस्ताव होल्म यांच्या मोहिमेने १८८४–८५ मध्ये पूर्व ग्रीनलंडच्या अम्मासालिक भागातून मिळवलेले किनाऱ्याचे लाकडी नकाशे अशाच लाकडात कोरलेले आहेत. परंतु त्यांत लाकूड केवळ साहित्य म्हणून आले आहे. त्याच्या मूळ आकाराचा नकाशाशी संबंध नाही. साहित्य वाहून आलेले असणे आणि आकार वाहून आलेला असणे, असा भेद केला तर या परंपरेचा दावा दुबळा ठरतो.

भारतापुरते पाहता चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर (१८७१–१९५१) यांच्या ‘कुटुम-काटाम’ या कामांना आद्यत्व देणे अधिक सयुक्तिक वाटते. उत्तरायुष्यात त्यांनी वाळक्या फांद्या, मुळे, बांबूचे तुकडे आणि टाकाऊ लाकूड यांतून पक्षी, प्राणी व माणसे उभी केली. तुकड्यात जे दिसले ते ठळक होईल एवढेच काम त्यांनी त्यावर केले. यांतील सर्व लाकूड पाण्यातले नव्हते, पण आजच्या भारतीय ड्रिफ्टवुड कलाकाराची दृष्टी तीच आहे. युरोपात ‘सापडलेल्या वस्तू’ला कलावस्तू मानण्याचा विचार फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशांच्या १९१३ च्या सायकलच्या चाकापासून पुढे आला आणि १९३६ च्या पॅरिसमधील अतिवास्तववाद्यांच्या वस्तुप्रदर्शनात नैसर्गिक वस्तूंनाही जागा मिळाली. भारतात या प्रकाराला वाहिलेले संग्रहालय केरळात कुमरकोम येथे आहे. त्यातील लाकूड मुख्यतः अंदमानच्या किनाऱ्यांवरचे आहे.

नागपूर परिसरातील लाकूड : समुद्रापासून दूर असल्याने येथील सर्व लाकूड गोड्या पाण्यातले. त्यामुळे किनारपट्टीच्या पद्धतीत सांगितलेली मीठ काढण्याची कृती, म्हणजे लाकूड कित्येक आठवडे गोड्या पाण्यात ठेवून पाणी बदलत राहणे, येथे निरर्थक आहे. उलट तिने आधीच ओले असलेले लाकूड अधिक दिवस ओले राहते आणि बुरशीला वाव मिळतो.

मुख्य स्रोत कन्हान नदी. सातपुड्यातून, छिंदवाडा जिल्ह्यातून ती पुराबरोबर लाकूड आणते. कामठीजवळ बिना संगमाला पेंच आणि कोलार तिला मिळतात व पुढे कुही तालुक्यात अंभोऱ्याजवळ ती वैनगंगेला मिळते. संगमावर प्रवाहाचा वेग मंदावतो, म्हणून लाकूड तेथेच टेकते. नदीच्या वळणाची आतली, वाळू साठणारी बाजूही अशीच. वाळू उपसताना कधी कधी गाळात दबलेली काळी खोडेही वर येतात. नाग आणि पिवळी या शहरातून वाहणाऱ्या नद्यांचे लाकूड घेऊ नये. सांडपाण्याचा वास रेषांत मुरलेला असतो आणि वाळल्यावरही दमट हवेत तो परत येतो.

कोणते लाकूड तरंगते आणि कोणते बुडते यावर त्याचे रूप ठरते. साग वाळल्यावर घनमीटरला सुमारे ६५० किलो भरतो. तो, आंबा आणि सालई दूरवर वाहतात, खडकांवर घासतात आणि गोल कडांचे होतात. धावडा आणि ऐन (इकडे येन किंवा साजा) हिरवे असताना पाण्यापेक्षा जड असतात. ते जेथे पडले तेथेच तळाशी रुततात, फारसे घासले जात नाहीत, पण गाळात राहून काळपट होतात. काठावरच्या अर्जुनाची, म्हणजे कहूची, उघडी पडलेली मुळे सर्वांत नाट्यपूर्ण आकार देतात. मात्र त्यांचा गाभा अनेकदा पोकळ निघतो. अर्जुन, ऐन आणि बाभूळ यांत टॅनिन (सालीतले व लाकडातले तुरट द्रव्य) भरपूर असते. नदीच्या पाण्यातील लोहाशी त्याचा संयोग होऊन निळसर काळा रंग येतो. हा रंग दोष समजून घालवण्याची घाई होते, पण दबलेल्या खोडात तो खोलवर गेलेला असतो आणि तोच त्या तुकड्याचे मोल वाढवतो.

निवडताना तीन गोष्टी पाहतात. टोच्या किंवा स्क्रू-ड्रायव्हर जोर न लावता ५ मिमीपेक्षा खोल गेला तर लाकूड कुजलेले. ठोकल्यावर भद्द आवाज आला तर आत ढोली. बारीक गोल भोकांतून मैद्यासारखा भुसा गळत असेल तर घुणकिडा जिवंत आहे.

कायदा : काठावर पडलेले लाकूड कोणाचेच नसते, ही सर्वसाधारण समजूत चुकीची आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या आठव्या प्रकरणात वाहत आलेल्या, काठाला लागलेल्या आणि बुडालेल्या इमारती लाकडाचा स्वतंत्र विचार आहे. कलम ४५ नुसार कोणी आपला हक्क सिद्ध करेपर्यंत असे लाकूड शासनाचे मानले जाते. कलम ४६ नुसार हक्क सांगण्यासाठी किमान दोन महिन्यांची मुदत देणारी सूचना काढली जाते. या अधिनियमातील व्याख्येत आपोआप पडलेली झाडेही ‘इमारती लाकडा’त येतात. म्हणून मोठा बुंधा उचलण्याआधी वन परिक्षेत्र कार्यालयात विचारणे आणि वाहतुकीचा परवाना लागतो का हे ठरवून घेणे, हाच योग्य मार्ग. पेंच राष्ट्रीय उद्यानात आणि उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात प्रश्न आणखी स्पष्ट आहे. पेंच नदीवरील तोतलाडोहच्या जलाशयात उभी असलेली मेलेली झाडे कितीही मोहक दिसली, तरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली परवानगीविना तेथून वनोपज बाहेर काढता येत नाही. पाण्यातील अशा खोडांवर पक्षी घरटी करतात आणि मासे त्यांच्या आडोशाने वाढतात, हे कारणही कायद्याइतकेच महत्त्वाचे आहे.

वाळवण : नागपुरातील बहुतेक शिल्पे बिघडतात ती याच टप्प्यावर. लाकडातील पेशींच्या भिंती सुमारे ३० टक्के ओलाव्यापर्यंत भरलेल्या असतात. ओलावा त्याखाली उतरला की आकुंचन सुरू होते. लाकडाचा अंतिम ओलावा हवेवर ठरतो. मे महिन्यात दुपारी हवा ४० अंशांच्या वर आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते. त्या हवेशी समतोल साधलेल्या लाकडात सुमारे ४ टक्के ओलावा उरतो. ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तोच ओलावा १६ टक्क्यांकडे चढतो. साग हे कमी हालचाल करणारे लाकूड मानले जाते. तरीही पूर्ण ओले ते पूर्ण कोरडे या प्रवासात वलयांच्या दिशेने ते साडेपाच टक्क्यांच्या आसपास आक्रसते आणि वलयांना छेदणाऱ्या दिशेने त्याच्या निम्मेच. या दोन दिशांतील फरकामुळेच खोडाला मध्यापासून सालीकडे उभी भेग जाते. हिशेब केला तर १० सेंमी रुंदीच्या सागाच्या तुकड्यात नागपूरचा उन्हाळा आणि पावसाळा मिळून सुमारे २ मिमीची हालचाल होते. जोड, पाया आणि लेप या सर्वांचे नियोजन हा आकडा समोर ठेवून करावे लागते.

लाकूड गोळा करण्याचा काळ ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे पूर ओसरून वाळू उघडी पडल्यावर. तेव्हा हवा सौम्य असल्याने वाळवण हळू होते. आणल्याच दिवशी कापलेल्या किंवा मोडलेल्या टोकांना वितळलेले मेण अथवा फेव्हिकॉलचे दोन थर देतात, कारण टोकांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने निघते. तुकडे जमिनीपासून वीतभर उंच पट्ट्यांवर, सावलीत, वारा खेळेल असे ठेवतात. मार्च लागताच त्यांवर कोरडे गोणपाट घालून वाळण्याचा वेग कमी करतात. गच्चीवर उन्हात टाकलेला ताजा बुंधा एप्रिलच्या एका आठवड्यात फाटतो आणि ती भेग नंतर बुजत नाही. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा सुतारांचा जुना हिशेब येथे कडक वाटतो. वजन हा अधिक भरवशाचा निकष होय: दर पंधरवड्याला काट्यावर वजन घ्यावे आणि सलग तीन वेळा फरक पडला नाही की लाकूड कामाला घ्यावे. हे वजन स्थिर हवेच्या काळातले असावे. जूनच्या पहिल्या पावसानंतर ते पुन्हा वाढते आणि चुकीचा निष्कर्ष निघतो.

कूलर हा नागपूरच्या घरांतील विशेष धोका. बाहेर हवा कोरडी असताना कूलरच्या झोतात आर्द्रता कित्येक पटींनी वाढते. झोतासमोर ठेवलेल्या शिल्पाची एक बाजू फुगते, दुसरी आक्रसलेली राहते आणि जोड उघडतात. मागच्या बाजूला बुरशीही धरते. म्हणून शिल्प झोताच्या रेषेत ठेवू नये.

कीड आणि सफाई : घुणकिडा आणि वाळवी यांवर टाकणखार (बोरॅक्स) व बोरिक आम्ल यांचे द्रावण सर्वांत उपयुक्त. एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार आणि ४० ग्रॅम बोरिक आम्ल विरघळवतात आणि लाकूड त्यात एक दिवस बुडवून ठेवतात. मग ते पॉलिथिनमध्ये गुंडाळून दोन ते चार आठवडे ठेवतात. या दोहोंतील बोरॉन लाकडातील पाण्याच्या वाटेने आत पसरतो, म्हणून हा उपचार वाळवण्याआधी करावा. वाळलेल्या लाकडावर तो पृष्ठभागापुरताच राहतो. पावसात बोरॉन धुऊन जातो, त्यामुळे अंगणातल्या शिल्पाला त्याचा उपयोग नाही. उष्णतेने कीड मारायची तर गाभ्याचे तापमान ५६ अंशांवर अर्धा तास टिकावे लागते. लहान तुकडे उकळून हे साधते, पण जाड बुंध्याच्या गाभ्यापर्यंत ही उष्णता पोहोचायला पुष्कळ वेळ लागतो.

लोहाचे नको असलेले डाग ऑक्झॅलिक आम्लाने जातात: लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या भांड्यात, हातमोजे घालून. ते विषारी असल्याने नंतर लाकूड तीन-चार पाण्यांनी धुवावे आणि वाळल्यावर घासताना नाकातोंडावर मुखपट्टी ठेवावी.

करडा, रेशमी दिसणारा पृष्ठभाग ही या शिल्पाची खरी संपत्ती. सूर्यप्रकाशाने लाकडाचे तंतू सांधणारे लिग्निन विघटित होते, पाणी ते धुऊन नेते आणि सेल्युलोजचे फिकट तंतू मागे राहतात. हा थर मिलिमीटरभरही जाड नसतो. ग्राइंडर किंवा तारेचा कडक ब्रश फिरवला की काही क्षणांत तो जातो आणि खालचे पिवळे-तपकिरी लाकूड उघडे पडते; तो रंग परत यायला पुन्हा उन्हापावसाचे काही हंगाम लागतात. म्हणून काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश वापरावा. कुजलेला मऊ भाग पटाशीच्या टोकाने खरवडावा आणि काचकागद फक्त कापलेल्या कडांवर, १२० नंबरपासून पुढे वापरावा.

रचना आणि जोड : तुकडा सर्व बाजूंनी फिरवून, उलटा करून, उजेडाची दिशा बदलून पाहतात. एकाच तुकड्याचे शिल्प उभे करताना गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा पायाच्या मधल्या तृतीयांशात पडला पाहिजे. पायासाठी कडप्पा किंवा लोखंडी पत्रा घेतात. दगडात ८ किंवा १० मिमीचा स्टेनलेस स्टीलचा आट्यांचा रॉड बसवून तो लाकडात किमान ५ सेंमी आत नेतात. साधे लोखंड वापरल्यास टॅनिनमुळे भोकाभोवती काळे वर्तुळ उमटते. अनेक तुकडे जोडायचे असल्यास लाकडी खुंटी आणि इपॉक्सी वापरतात. वेड्यावाकड्या पृष्ठभागांमधली फट त्याच लाकडाचा भुसा मिसळलेल्या इपॉक्सीने भरते. फेव्हिकॉल घट्ट बसणाऱ्या जोडालाच चालतो, फटीत तो आक्रसतो. धावड्यात स्क्रूच्या गाभ्याइतके भोक आधी पाडले नाही तर स्क्रू तुटतो किंवा लाकूड चिरते. रुंद तुकडा पायाला दोन ठिकाणी बांधायचा असेल तर एक भोक लांबट ठेवावे. दोन्ही बिंदू घट्ट आवळले तर ती २ मिमीची हालचाल लाकूड फाडूनच जागा करते.

लेप : लेप न देणे हाही एक मान्य पर्याय आहे आणि करड्या तुकड्यांना तोच शोभतो. विदर्भात पिकणाऱ्या जवसाचे तेल रेषा उठावदार करते, पण रुपेरी रंग कायमचा गडद करते. म्हणून ते काळ्या, दबलेल्या लाकडाला द्यावे: पातळ थर, अर्ध्या तासाने पुसून घेणे, आणि प्रत्येक थरात काही दिवसांचे अंतर. तेल पुसलेली फडकी गोळा करून ठेवू नयेत. तेल वाळताना उष्णता निघते आणि गुंडाळलेले फडके आपोआप पेटू शकते; नागपूरच्या उन्हाळ्यात हा धोका वाढतो. फडकी पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा उघड्यावर सुटी पसरून वाळवावीत. मधमाश्यांचे मेण एक भाग आणि टर्पेंटाइन तीन भाग हे मिश्रण रंग फारसा न बदलता स्पर्श सुधारते. चपडी (शुद्ध केलेली लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून (लिटरला १०० ते १५० ग्रॅम) दिलेले पॉलिश झटपट वाळते, मात्र पावसाळ्यात दिल्यास हवेतील ओलाव्याने पांढुरके होते. जाड व्हार्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन) लेप लाकडाच्या हालचालीबरोबर ताणला जात नाही, भेगांच्या कडेने सुटतो आणि तो काढताना करडा थरही निघून जातो.

इतर उपयोग : दिव्याचे स्टँड, काचेच्या टेबलाचा पाया, ऑर्किडचा आधार आणि मत्स्यालयातील सजावट यांसाठीही हे लाकूड घेतात. मत्स्यालयासाठीच्या तुकड्यावर बोरॉन, तेल किंवा ऑक्झॅलिक आम्ल यांपैकी काहीही वापरू नये. तो फक्त उकळावा आणि पाण्यात तपकिरी रंग उतरणे थांबेपर्यंत पाणी बदलत राहावे.