ब्राउनीच्या वाटीतला नायट्रोजन

जेवण झालं की तासा-दीड तासाने ब्राउनी लोखंडी कपाटाच्या दाराला कपाळ टेकवून उभी राहायची. बसायची नाही, हाक मारली तरी वळायची नाही. कपाळ दारावर रेटलेलं आणि तोंडातून लाळेची तार. माहीमला आमच्या मजल्यावर राहणारी ही नऊ वर्षांची लॅब्रेडॉर. काकूंनी आधी मीठ-मोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली. मग रक्ततपासणीत लिव्हर बिघडल्याचं निघालं. तेव्हा कुणीतरी सांगितलं, "लिव्हरला लिव्हरच लागतं." काकू रोज सकाळी मटणवाल्याकडून पाव किलो कलेजी आणू लागल्या. दोन आठवड्यांत ब्राउनी दिवसातून दोन-दोनदा कपाटाशी उभी राहू लागली.

हा समज मी इतक्या घरांत ऐकला आहे की त्यावर सविस्तर लिहायलाच हवं. आपण 'काळीज तुटलं' म्हणताना छातीवर हात ठेवतो, पण मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर खाटीक यकृतच देतो, आणि शब्दाच्या मूळ अर्थाने तोच बरोबर आहे. जो अवयव दुबळा तोच खावा, ही कल्पना जगभर जुनी आहे. पण खाल्लेलं काळीज पोटात काळीज म्हणून राहत नाही. त्याचे अमिनो आम्लांचे तुकडे होतात, आणि प्रत्येक अमिनो आम्लात नायट्रोजन असतो. लिव्हरच्या पथ्याचा सगळा हिशोब या नायट्रोजनचा आहे.

शरीराला अमिनो आम्लं साठवून ठेवता येत नाहीत. गरजेपेक्षा जास्त झाली की ती मोडली जातात आणि नायट्रोजन अमोनियाच्या रूपात सुटतो. मोठ्या आतड्यातले जिवाणूही न पचलेल्या प्रथिनांपासून अमोनिया बनवतात. आतड्यांतलं सगळं रक्त एका मोठ्या शिरेतून आधी यकृतात जातं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त याच वाटेने येतं. तिथे अमोनियाचा युरिया होतो आणि तो लघवीवाटे निघून जातो. यकृत थकलेलं असेल, किंवा रक्त त्याला वळसा घालून पुढे जात असेल, तर अमोनिया थेट मेंदूपर्यंत पोचतो.

हे पहिल्यांदा कळलं तेही कुत्र्यांवरूनच. घंटा आणि लाळेच्या प्रयोगांमुळे आपल्याला माहीत असलेले पावलोव आणि त्यांचे सहकारी यांनी 1893 साली सेंट पीटर्सबर्गहून एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. शस्त्रक्रिया करून त्यांनी काही कुत्र्यांच्या आतड्यांतलं रक्त यकृताला चुकवून थेट पुढे सोडलं होतं. हे कुत्रे मांस खाल्लं की बिथरायचे, झोकांड्या द्यायचे, बेशुद्ध पडायचे. आपल्या घरातला कुत्रा जेवणानंतर गोल गोल फिरू लागला, भिंतीला डोकं लावून उभा राहू लागला, तर ते हेच असू शकतं. नजर लागलेली नसते, कुत्रा रुसलेलाही नसतो.

आता यकृतातल्या त्या कामाकडे वळू, कारण मला स्वतःला जीवरसायनशास्त्रात याहून सुंदर काही दिसलेलं नाही. 1932 साली हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी उंदरांच्या यकृताचे पातळ काप घेऊन दाखवलं की युरिया एका फेऱ्यात तयार होतो. ऑर्निथिन नावाचा रेणू अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून बनलेला तुकडा उचलतो आणि सिट्रुलिन होतो. सिट्रुलिनला ॲस्पार्टेट नावाचं अमिनो आम्ल दुसरा नायट्रोजन देतं, त्यातून पुढे आर्जिनिन बनतं. आर्जिनिन तुटतं, एका बाजूला युरिया सुटतो, दुसऱ्या बाजूला ऑर्निथिन जसंच्या तसं परत मिळतं, पुढच्या फेऱ्यासाठी मोकळं. युरियाच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचे, तीन रेणू खर्ची पडतात. आजारी यकृताला हा खर्च झेपत नाही.

मग प्रथिनं बंदच करावीत का? इथे दुसरी चूक होते, आणि कलेजीइतकीच घातक. 'हलकं द्या' म्हणून महिनोन्महिने नुसता भात आणि पेज दिली जाते. यकृत अमोनिया आवरू शकत नाही तेव्हा स्नायू मदतीला येतात. ते अमोनिया ग्लुटामेट नावाच्या अमिनो आम्लाला जोडून ग्लुटामिन बनवतात. खाण्यातली प्रथिनं बंद केली की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. त्यातूनही अमोनिया सुटतो, वर तो शोषणारे स्नायूही कमी होतात. म्हणून ज्या कुत्र्याला मेंदूची लक्षणं नाहीत, त्याची प्रथिनं कमी करायची नसतात. लक्षणं असतील तरी बेताने कमी करायची आणि प्रकार बदलायचा. मांसापेक्षा पनीर, दही, सोयाबीन यांची प्रथिनं अशा कुत्र्यांना चांगली सोसतात. अंडंही बहुतेकांना चालतं. सोबत सहज पचणारा पांढरा भात, थोडा लाल भोपळा, आणि एका मोठ्या जेवणाऐवजी दिवसातून चार-पाच लहान जेवणं.

डॉक्टर लॅक्ट्युलोजचं गोड सिरप देतात त्यामागचं रसायनशास्त्रही पाहण्यासारखं आहे. ही साखर लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तिचं आम्ल करतात. अमोनियाला आम्लातला प्रोटॉन चिकटला की तो अमोनियम होतो, आणि विद्युतभार असलेला हा आयन आतड्याच्या पेशींचं आवरण सहज ओलांडू शकत नाही. पीएच (आम्लता मोजणारा आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) 7.4 असताना शंभरातले दोन-एक रेणू मोकळ्या अमोनियाचे असतात; पीएच 6 वर हजारात जेमतेम एक. उरलेला सगळा आतड्यात अडकतो आणि शीवाटे बाहेर पडतो. दिवसातून दोन-तीनदा मऊ शी व्हावी, या बेताने डॉक्टर मात्रा ठरवतात.

कलेजीचा दुसरा दोष तांब्याचा. मेंढीच्या 100 ग्रॅम कच्च्या कलेजीत तांबं 7 मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तेवढ्याच मांसात जेमतेम 0.1. (कोंबडीच्या कलेजीत बरंच कमी.) जादा तांबं यकृत पित्तातून बाहेर टाकतं. बेडलिंग्टन टेरियर आणि काही लॅब्रेडॉर यांच्यात जनुकातल्या दोषामुळे हे काम नीट होत नाही, तांबं यकृतातच साचतं आणि पेशी मारतं. अशा कुत्र्यांना डॉक्टर कधी जस्त देतात, म्हणजे आतड्यातच तांबं अडवलं जातं. 'यकृत शुद्ध करणारी' म्हणून विकली जाणारी चूर्णं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्यातला प्रत्येक घटक अखेर त्याच दुखऱ्या यकृताला हाताळावा लागतो.

मीठ कमी करायचं ते मुख्यतः पोटात पाणी साठलं असेल तर. आणि घरच्या पनीर-भातात कॅल्शियम, जस्त, जीवनसत्त्वं पुरेशी नसतात, म्हणून पाककृती प्राण्यांच्या डॉक्टरांकडून वजनानुसार लिहून घ्यावी. तयार पथ्याचं खाद्य महाग पडतं, पण त्यात हा हिशोब आधीच केलेला असतो.

ब्राउनीची कलेजी बंद झाली. काकू आता घरी दूध फाडून पनीर करतात आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजतात. सिरपचा चमचा ती चाटून पुसून साफ करते. कपाटाच्या दाराशी ती महिनाभरात एकदाच उभी राहिली, ती गणपतीत कुणीतरी मटणाचा तुकडा दिला त्या रात्री नव्हे, तर पोट दोन दिवस साफ झालं नव्हतं तेव्हा. शी अडली की अमोनियाही आतड्यात तुंबतो. दर रविवारी काकू शिवणाची टेप घेऊन तिच्या मागच्या मांडीचा घेर मोजतात आणि कॅलेंडरवर लिहितात. स्नायू टिकले की नाही ते तिथे दिसतं. पाच रविवार झाले, आकडा 36 सेंटिमीटरवरच आहे.