विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉइडच, असं नाही

ताप दोन दिवसांचा, विडाल या रक्तचाचणीचा रिपोर्ट हातात आणि घरात एकच चर्चा: ‘टायफॉइडचे पॉइंट निघाले!’ हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि त्यापायी लहान मुलांनाही नको ती अँटिबायोटिक्स दिली जातात. याचं मला फार वाईट वाटतं.

फर्नांद विडाल यांनी 1896 साली आणलेली ही चाचणी जंतू शोधतच नाही. जंतूंशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) ती मोजते. ही प्रतिपिंडं पूर्वीच्या संसर्गामुळे किंवा लसीमुळेही असू शकतात. मलेरियासारख्या दुसऱ्या आजारातही चाचणी फसते. उलट खऱ्या टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडं पुरेशी वाढलेलीच नसतात, म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

पट्टीवरच्या झटपट चाचण्याही निर्णायक नाहीत. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2017च्या कॉक्रेन आढाव्यात टायफिडॉट या झटपट चाचणीची संवेदनशीलता (आजार असलेल्यांना पकडण्याचं प्रमाण) सरासरी 84 टक्के, विशिष्टता (आजार नसलेल्यांना ‘नाही’ सांगण्याचं प्रमाण) 79 टक्के आढळली. म्हणजे टायफॉइड नसलेल्या शंभरातल्या साधारण एकवीस जणांना ती ‘आहे’ म्हणून सांगते.

भरवसा ब्लड कल्चरवर, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या चाचणीवर. अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधीच रक्त द्यावं. निकालाला काही दिवस लागतात, बरेच रुग्ण त्यातूनही निसटतात. पण जंतू सापडला तर कोणतं औषध लागू पडेल हेही कळतं.

आणि बरं झाल्यावर ‘पॉइंट उतरले का’ म्हणून पुन्हा विडाल करू नका. प्रतिपिंडं महिनोन्‌महिने रक्तात राहतात.