पी५३ आणि आरबी: दोन्ही गाठ रोखणारी, पण रीत उलटी

पी५३ आणि आरबी या दोन प्रथिनांची नावं कर्करोगावरच्या लेखांत बहुतेकदा जोडीनंच येतात. दोन्ही ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ रोखणारी, दोन्ही पेशीचे ‘ब्रेक’. ब्रेकची ही उपमा मला घातक वाटते, कारण खरा फरक तिच्यामागे दडतो. पेशीत कोणती प्रथिनं तयार व्हायची हे दोघंही ठरवतात, पण पी५३ जनुकं चालू करतं आणि आरबी जनुकं बंद ठेवतं.

आरबी समजायला सोपं. हे नाव रेटिनोब्लास्टोमा या लहान मुलांच्या डोळ्याच्या कर्करोगावरून आलं. ई२एफ नावाची प्रथिनं पेशीला डीएनएची नक्कल करण्याची सामग्री बनवायला लावतात, आणि आरबी त्यांनाच धरून ठेवतं. वाढीचा संदेश आला की सीडीके४ आणि सीडीके६ ही विकरं (एन्झाइम) आरबीवर फॉस्फेट चिकटवतात, पकड सुटते आणि पेशी विभाजनाला लागते. स्तनाच्या कर्करोगावरचं पाल्बोसिक्लिब हे औषध याच विकरांना अडवतं. गाठीत आरबीच उरलं नसेल, तर त्या औषधाला राखण्यासारखं काही राहत नाही.

पी५३चा इतिहास जास्त गुंतागुंतीचा आहे. १९७९ मध्ये ते सापडलं तेव्हा ते कर्करोग घडवणारंच आहे असं मानलं गेलं, कारण प्रयोगांत वापरलेल्या जनुकाच्या प्रतीच बिघडलेल्या होत्या. ही चूक सुधारायला दहा वर्षं गेली. निरोगी पेशीत पी५३ अगदी थोडं असतं, कारण एमडीएम२ हे प्रथिन त्याची सतत विल्हेवाट लावतं. डीएनए तुटला की ही विल्हेवाट थांबते आणि पी५३ साठू लागतं. मग त्याचे चार रेणू एकत्र येऊन डीएनएवर बसतात आणि विभाजन थांबवणारं पी२१, पेशीला मरणाकडे नेणारी बॅक्स आणि प्यूमा, अशी प्रथिनं वाढतात. गंमत म्हणजे एमडीएम२सुद्धा! आपल्याला आवरणाऱ्याची सोय पी५३ स्वतःच करून ठेवतं.

पण मग पी५३ जागं झाल्यावर विभाजनाची कितीतरी प्रथिनं कमी होतात, ती कशी? इथेच दोघांची गल्लत होते. त्यातली बरीचशी पी५३ थेट बंद करत नाही. त्यानं वाढवलेलं पी२१ सीडीके विकरांना रोखतं, त्यामुळे आरबी आणि त्याची दोन भावंडं, पी१०७ आणि पी१३०, आपली पकड कायम ठेवतात. म्हणजे आदेश पी५३चा, कुलूप मात्र आरबीच्या घराण्याचं.

हा फरक पॅथॉलॉजीच्या अहवालात फार महत्त्वाचा ठरतो. आरबीचं जनुक बिघडलं की बहुधा प्रथिनच नाहीसं होतं. पी५३मध्ये मात्र अनेकदा एकच अमिनो आम्ल बदलतं. प्रथिन लांबीला पूर्ण असतं, पण डीएनएला धरू शकत नाही. असं निकामी पी५३ गाठीच्या पेशींत साठत जातं, आणि पी५३ दाखवणारा रंग दिल्यावर जवळजवळ प्रत्येक केंद्रक गडद तपकिरी दिसतं. अहवालात पी५३ भरपूर आढळलं म्हणून कुणी ‘रक्षक मुबलक आहे’ असं समजू नये. उलट काही उत्परिवर्तनांत रंग अजिबात येत नाही, आणि तेही वाईटच. निरोगी जनुक असेल तर साधारणपणे फिका-गडद, विखुरलेला रंग दिसतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात दोघांवर एकदमच घाला येतो. एचपीव्ही विषाणूचं ई६ प्रथिन पी५३ नष्ट करवतं आणि ई७ आरबीला निकामी करतं. प्रयोगशाळांत १९५१ पासून वाढणाऱ्या हेला पेशी अशाच गाठीतल्या आहेत: पी५३चं जनुक धडधाकट, प्रथिन मात्र जेमतेम. आरबी गेल्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. सीडीके४ आणि सीडीके६ना आवरणारं पी१६ हे प्रथिन अशा पेशींत प्रचंड वाढतं, पण ज्या आरबीसाठी ते राबतं तेच जागेवर नसतं. म्हणूनच गर्भाशयमुखाच्या बायॉप्सीत पी१६चा सलग गडद रंग दिसला, की पॅथॉलॉजिस्टचा पहिला संशय एचपीव्हीवर जातो.